घटीची यादी

वीज कंपनीत नोकरी असली की घरी वीज फुकट, असं आमच्या जिन्यातल्या यच्चयावत माणसांना वाटतं. एकोणीस वर्षं मी त्यांना नाही म्हणून सांगतेय आणि एकोणीस वर्षं ते ‘हो हो, बरोबर’ म्हणत डोळे मिचकावतायत. मी तपासणी पथकात आहे. लोकांच्या घरी जायचं, मीटरचं सील बघायचं, कुणी मधूनच तार टाकून वीज ओढतंय का ते शोधायचं, हे माझं काम. बोलणी खायची सवय आहे. पण त्या हिवाळ्यातलं पहिलं बिल हातात पडलं तेव्हा मी जिन्यातच मटकन खाली बसले, आणि ते खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार किलकिलं करून बघितलं. त्यांचा दिवस गोड झाला असणार.

आठशे साठ युनिट. घरात माणसं दोन, मी आणि बाबा. युनिट वाढले की दरही वरच्या टप्प्यातला लागतो, हे लोकांना समजावता समजावता माझी जीभ झिजली होती. आता तोच टप्पा माझ्या बोकांडी बसला होता.

वाढलं कशामुळे ते माहीत होतं. बाबांनी एका मोठ्या शाळेच्या बॉयलरवर एकतीस वर्षं काढली. तळघरात कोळसा घालायचा, राख ओढायची, आणि वर चाळीस वर्ग उबदार ठेवायचे. त्या कोळशानं आणि राखेनं त्यांची फुप्फुसं खाल्ली. थंडी सुरू व्हायच्या आधी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र लागेल, अंघोळीपुरती नळी काढायची, बाकी नाही. आणि खोली गार पडू द्यायची नाही. मग भाड्यानं मशीन आलं, चाकं लावलेल्या बॅगेएवढं. ते दिवसभर घरघरायचं. त्याच्या जोडीला बाबांच्या खोलीत हीटर. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातलं, दोन भिंती उघड्यावर. हीटरची ऊब खिडकीच्या फटींतून गावभर वाटली जात होती.

बिल आलं त्या संध्याकाळी मी ऑफिसचा टाँग टेस्टर काढला. तारेभोवती चिमट्यासारखा लावला की त्या तारेतून किती वीज जातेय ते कळतं. घरातली एकेक वस्तू मी पकडली. हीटर, गीझर, फ्रिज, दिवे, इस्त्री, पाण्याचा पंप. बाबा नाकात नळी घालून खुर्चीत बसले होते आणि मजा बघत होते.

“काय तपासनीसबाई, सापडला का चोर?”

“हसू नका. सगळ्यांची नावं लिहून काढणार आहे.”

आणि लिहून काढली. एका कागदावर मोठ्या अक्षरांत, सगळ्यात जास्त खाणारं सगळ्यात वर. मला अर्धवट काम आवडत नाही. जे जे मोजलं ते ते लिहिलं. पहिलं नाव हीटर. दुसरं मशीन. तिसरं गीझर. तो कागद मी फ्रिजच्या दाराला चिकटवला आणि रागाच्या भरात म्हणाले, “हे वरचे दोघं मिळून आपलं घर खातायत.”

मशीन लिहायला नको होतं. ते कमी करायची गोष्टच नव्हती, मग यादीत कशाला? पण मोजलं होतं म्हणून लिहिलं. बाबांनी चष्मा लावून तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला, आणि ‘अक्षर छान आहे’ एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आमची मोहीम सुरू झाली. खिडक्यांच्या फटींत मी जुन्या चादरीच्या पट्ट्या कोंबल्या. पडद्यांना आतून जाड कांबळं शिवलं. गीझर सकाळी वीस मिनिटं, त्यापुढे जो अंघोळ करेल तो मर्द. दिवा एकच, जिथे माणूस तिथे. रात्रीचं जेवणही बाबांच्या खोलीत, म्हणजे स्वयंपाकघर गरम ठेवायला नको. बाबांना तर जोरच चढला. गरम पाण्याचा पाइप उघडा आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांनी आपल्या जुन्या लोकरी मोज्यांचे पाय कापले आणि एकेक मोजा त्या पाइपवर चढवला, वर सुतळी आवळली. नळीला दहा हात लांबीची शेपूट होती, ती सांभाळत, दर दोन गाठींनंतर धापा टाकत.

“शाळेत सगळे पाइप असेच गुंडाळलेले होते,” ते म्हणाले. “उष्णता वाटेत सांडली तर वर काय पोचणार? आणि एक लक्षात ठेव. रिकाम्या खोलीला ऊब द्यायची नाही. सुट्टी लागली की मी आग दाबून ठेवायचो, नुसती धुगधुगती. शाळा आठला उघडायची, तर साडेसहाला आग मोठी करायची. पोरं वर्गात शिरतात तेव्हा वर्ग गरम. मधे रात्रभर काय झालं ते कुणाला कळतसुद्धा नाही.”

हे त्यांनी मला लहानपणापासून शंभरदा सांगितलं होतं. मी हूं हूं करत पट्ट्या कोंबत राहिले.

पुढचं बिल सहाशे दहा युनिटचं आलं. त्याच्या पुढचं साडेचारशेचं. मला आकाश ठेंगणं झालं. खोटं कशाला सांगू, त्या बिलाचा कागद मी पर्समध्ये घेऊन फिरत होते. खालच्या बाईंना दाखवला, वरच्या मास्तरांना दाखवला. लोक माझ्या फ्रिजवरच्या यादीची नक्कल उतरवून घ्यायला आले. बाबा दारात कौतुकानं बघत होते.

“जिन्यात जाऊन आपल्या मीटरचा लाल दिवा बघ,” ते म्हणायचे. “पूर्वी कसा धावायचा. आता किती सावकाश लुकलुकतो.”

मीटर जिन्यातल्या भिंतीवर, दारापासून आठ-दहा पावलांवर. त्यांच्या नळीची शेपूट तिथवर पोचत नव्हती. मग त्यांनी तो दिवा कसा बघितला, हे मला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. मला ते बोलणं इतकं आवडलं की मी ते ऑफिसात जाऊन सांगितलं.

ऑफिसात माझ्या जोडीला जो तपासनीस आहे, त्याला सगळे भिंग म्हणतात. सीलवरचा बारीक ओरखडासुद्धा बघायला खिशात भिंग ठेवतो म्हणून. आम्ही दोघं अकरा वर्षं एका जीपमधून फिरतोय. आमच्या कामाचा पाया म्हणजे घटीची यादी. दर दोन महिन्यांनी ऑफिसातून निघते. ज्या घराचा वापर एकाएकी खूप खाली आला, ते घर यादीत येतं. वापर उगीच खाली येत नसतो. कुणी गाव सोडून गेलं, कुणी वारलं, मीटर बिघडला, किंवा कुणी चोरी करतंय. आम्ही काय करायचं, तर किती युनिट उतरले ते घ्यायचं, आणि घरचे सांगतात त्या कारणांनी किती उतरायला हवेत ते मांडायचं. दोन्ही जुळलं तर नोंद बंद. जुळलं नाही तर त्या घरात काहीतरी दडलंय. आणि नियम असा की घर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय नोंद बंद करायची नाही. दिवसा जायचं, न कळवता जायचं.

हिवाळ्याच्या मध्यावर यादी निघाली तेव्हा चौथं नाव माझं होतं.

भिंग पोट धरून हसला. “आता बोल. तुझ्या घरावर धाड घालायची वेळ आली.”

“घाल की. काटकसर सापडेल.”

“इतकी? अर्ध्यावर आलंय.”

“माझ्या घरात येऊन अंघोळ कर एकदा, म्हणजे कळेल.”

त्या दिवशी पहिली तीन घरं करून आम्ही माझ्याच गल्लीतून चाललो होतो. अकरा वाजले होते. भिंगानं आमच्या इमारतीखाली जीप थांबवली. “चल, वर जाऊन येऊ. पाहणी पण होईल, तुझ्या बाबांच्या हातचा चहा पण मिळेल.”

मी वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत कांबळं लावलेला पडदा दिसत होता. पुढे यादीत सतरा घरं बाकी होती. आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा रागही आला. लोकांच्या चोऱ्या पकडण्यात माझा जन्म गेला आणि आता माझीच पाहणी? मी मांडीवरच्या वहीत माझ्या नावापुढे कारणाच्या रकान्यात ‘काटकसर’ असं लिहिलं, खाली सही ठोकली, आणि म्हणाले, “झाली पाहणी. चल पुढे.”

भिंगानं गाडी गिअरमध्ये टाकली. एकोणीस वर्षांत न बघता बंद केलेली माझी ती एकच नोंद.

दुसऱ्या कुणाची नोंद असती तर मी दोन मिनिटांत मांडणी केली असती. चारशे दहा युनिट उतरले. फटी बुजवल्या, पडदे शिवले, गीझर आवळला, पाइप गुंडाळला, सगळं मिळून फार तर एकशेतीस. मग उरलेले दोनशेऐंशी कुठे गेले? हा प्रश्न मी भल्याभल्यांना दारात उभं राहून विचारलाय आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं बघितलंय. स्वतःला विचारला नाही.

बाबा त्या दिवसांत मंदावत चालले होते. जेवता जेवता डुलकी लागायची. सकाळी डोकं दुखतं म्हणायचे. घोट्यांवर सूज आली होती, मोजा काढला की खोल वळ राहायचा. नखं निळसर दिसायची. मी म्हटलं, थंडी आहे. ते म्हणाले, हो, थंडीच आहे. मी रोज घरी आले की पहिल्यांदा त्यांच्या बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावून ऑक्सिजन बघायची. नव्वद, एक्क्याण्णव. डॉक्टरीणबाईंनी तेवढा चालेल म्हणून सांगितलं होतं.

“बघ, पास,” ते म्हणायचे.

खोलीत छान ऊब असायची. मशीन घरघरत असायचं. नळी नाकात. कशालाच नाव ठेवायला जागा नव्हती. एकदा त्यांचा जाड कोट खुंटीवर नव्हता, खुर्चीच्या पाठीवर होता, आणि खिशातून बॉयलरवर घालायचे लोकरी हातमोजे डोकावत होते.

“हीटर असताना कोट कशाला बाहेर काढलात?”

“असाच. ऊन दाखवत होतो.”

बाहेर ऊन आठ दिवसांत पडलं नव्हतं. मी कोट खुंटीला लावला. तो आतून गरम होता. हे सगळं मला तेव्हाही दिसत होतं, आज आठवून लिहीत नाहीये. एकदा तर जेवताना त्यांचा चमचा हातातून गळून पडला आणि मी ओरडले, “अहो बाबा, जरा जागे तरी राहा, मी दिवसभर राबून येते ते तुमची झोप बघायला का?” ते दचकून ताठ बसले. माफी मागितल्यासारखं हसले. ते हसणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मशीन येऊन पाच महिने झाले तेव्हा भाड्यानं देणाऱ्यांचा मिस्त्री ते तपासायला येणार म्हणून फोन आला. तो दिवसाच येणार होता, म्हणून मी त्या हिवाळ्यातली पहिली रजा घेतली. बाबा सकाळपासून अस्वस्थ होते. “तू कशाला थांबतेस, मी बघतो की,” असं तीनदा म्हणाले.

मिस्त्री तरुण होता, कामात चोख. बाबांना सोबतच्या छोट्या सिलिंडरवर घातलं, मशीन पालथं केलं, जाळी काढून झटकली. मग मागच्या बाजूला वाकून एक आकडा वाचला आणि आपल्या कार्डावर लिहिला. लिहिता लिहिता थांबला.

“तुमच्याकडे वीज फार जाते का?”

मला हसू आलं. “या भागात पाच महिन्यांत मिळून तीन तास गेली नसेल. मी वीज कंपनीतच आहे. का?”

“नाही, याला तासांचं मीटर असतं. मशीन किती तास चाललं ते आपोआप पडतं. आणून दिलं तेव्हा चार हजार एकशे बारा होते. आज सहा हजार सहाशे ऐंशी. दीडशे दिवसांचे छत्तीसशे व्हायला पाहिजेत. अडीच हजारच झालेत.” त्यानं पुन्हा वाकून बघितलं. “हजारावर कमी आहेत.”

मीटर. त्या मशीनच्या पाठीवर, नखाएवढ्या काचेमागे, सहा आकडे. जगाचे मीटर वाचत फिरणारी मी, आणि माझ्या बापाच्या श्वासाचं मीटर पाच महिने भिंतीकडे तोंड करून उभं होतं. आणि सवय कशी असते बघा, डोकं आपोआप मांडणी करायला लागलं. कमी पडले एक हजार बत्तीस तास. कागद फ्रिजला लावल्यापासून झाले एकशेवीस दिवस. त्यात सतरा रविवार. उरले एकशेतीन. एक हजार बत्तीस भागिले एकशेतीन. दहा. मी आठला घर सोडते आणि सहाला परत येते. एकही रजा घेतली नव्हती.

मी बाबांकडे बघितलं. ते पडद्याची शिवण बघत होते.

मिस्त्रीला जिन्यापर्यंत पोचवलं. मग दार लावलं.

“बंद करत होतात?”

त्यांनी मांडीवरचा नळीचा वेढा सारखा केला.

“बाबा, मी विचारतेय. मी गेल्यावर मशीन बंद करत होतात?”

“हीटर पण,” ते म्हणाले. कबूल करायचंच तर पूर्ण, हा त्यांचा स्वभाव. “पाचला लावायचो. तासाभरात खोली गरम होते. मशीन मात्र तू यायच्या जरा आधी, बोटाचा आकडा पाच-दहा मिनिटांतच वर येतो.”

शाळा उघडायच्या आत वर्ग गरम. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी खूप बोलले. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं, कानात बोळे घातले होते का, मला फसवलंत, मी काय भिकेला लागले होते का. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी थांबले तेव्हा मला समजावल्यासारखं म्हणाले, “अगं, दिवसा घरात कोणी नसतं. मग दोन्ही कशाला जाळायची?”

“तुम्ही असता ना घरात.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी अगदीच पोरकट बोलले.

“मी असतो,” ते म्हणाले. “पण मी काय, नुसता बसूनच असतो.”

मला रडू आवरलं नाही. मी तिथेच खाली बसून त्यांच्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवलं. माझी चूक मला पुरती कळली होती आणि ती कुठल्याही मीटरनं पकडली नव्हती. मी त्यांचं नाव यादीत लिहिलं होतं. मशीन म्हणून लिहिलं, पण वाचणाऱ्यानं स्वतःचं नाव वाचलं. वर मी म्हणालेही होते, हे घर खातायत. त्यांनी माझ्या केसांवर हात ठेवला. तो हात गार होता.

“तू एवढी खुश होतीस,” ते म्हणाले. “किती वर्षांनी.”

त्याच दुपारी त्यांना इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तासांचा आकडा ऐकला, हृदयाची ईसीजीची पट्टी काढली, मग मला बाहेर व्हरांड्यात घेऊन आल्या. ऑक्सिजन कमी पडला की हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, त्या म्हणाल्या. चार महिने रोज दहा तास. आता ते हृदय थकलंय. मी विचारलं, आता दिवसरात्र लावलं तर भरून निघेल ना? त्यांनी मला खोटी आशा दाखवली नाही. निघणार नाही, म्हणाल्या.

बाबांना मी घरी आणलं. असेल नसेल ती सगळी रजा टाकली. हीटर चोवीस तास, मशीन चोवीस तास, सगळ्या खोल्यांतले दिवेसुद्धा. फ्रिजवरचा कागद मी फाडून टाकला होता. बाबांना ही उधळपट्टी सोसवत नव्हती. गादीवर पडल्या पडल्या ते म्हणायचे, “स्वयंपाकघरात दिवा चालू राहिलाय बघ.” मी म्हणायची, “राहू दे.” मग ते डोळे मिटून घ्यायचे, पण त्यांचं सगळं लक्ष त्या दिव्याकडे असायचं. शेवटी मी उठून तो बंद करायची, तेव्हा कुठे त्यांच्या कपाळावरची आठी जायची.

खालच्या बाई एकदा पेज घेऊन आल्या. जाताना दारात हळूच म्हणाल्या, “मला वाटायचं बरं वाटतंय त्यांना. दुपारचे रोज बाहेर येऊन उभे असायचे मीटरपाशी. कोट, टोपी, हातमोजे. मला म्हणायचे, बघा, पोरगी कशी खुश होईल.”

हिवाळ्याच्या शेवटी, सकाळी साडेनऊ वाजता बाबा गेले. नळी नाकात होती आणि खोली गरम होती. माझा त्यांच्या हातावर हात होता. मशीन त्यानंतरही घरघरत राहिलं. ते मी बराच वेळ बंद केलं नाही.

पुढची घटीची यादी निघाली तेव्हा माझं नाव पहिलं होतं. नऊशेवरून साठावर. ऑफिसात कुणी हसलं नाही. भिंगानं वही माझ्यासमोर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाला, “कारण माहीत आहे सगळ्यांना. सही करून टाक.”

“नाही,” मी म्हटलं. “नियमानं होऊ दे.”

आम्ही अकरा वाजता गेलो. जीप तिथेच थांबली. जिना चढून मी माझ्याच दारावर टकटक केली. का केली ते मला सांगता येणार नाही. नेहमी करतो तशी, तीनदा, आणि जरा थांबले. मग किल्ली काढली. आत गार होतं. बाबांच्या खोलीत अंगावर शहारा येईल इतकं गार. खिडकीच्या पट्ट्या जागच्या जागी, पाइपवर मोजे. अकरा वाजता हे घर असं असायचं तर. त्या दिवशी मी जीपमधून उतरले असते तर ते इथे खुर्चीत सापडले असते, टोपी कानांवर ओढून, नळी गुंडाळून खुंटीला लावलेली. मी रागावले असते, ओरडले असते, भिंगासमोर त्यांचा पाणउतारा केला असता. पण ते सापडले असते.

भिंगानं भिंग काढलं नाही. जिन्यात जाऊन मीटरचा आकडा घेतला, आत येऊन खुर्चीच्या कडेला टेकून वही उघडली. “कारण काय लिहू?”

“आधी मागचं पान काढ.”

त्यानं काढलं. ‘काटकसर’ या शब्दावर मी आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: ‘घरातला आजारी माणूस दिवसा ऑक्सिजन दहा तास आणि हीटर नऊ तास बंद ठेवत होता. पाहणी केली नाही.’ खाली नाव, हुद्दा, तारीख. भिंग म्हणाला, “अगं, वर जाईल हे. चौकशी लागेल.” मी म्हटलं, लागू दे. मग नव्या पानावर कारणाच्या रकान्यात मी ठरलेले शब्द लिहिले, जे आजवर शेकडो घरांपुढे लिहिलेत. रहिवासी एक कमी.

चौकशी लागली. एक पगारवाढ गेली. ते ठीकच झालं.

आता मी रोज सकाळी आठला निघताना बाबांच्या खोलीतला हीटर लावते आणि दार ओढून कामावर जाते. रिकाम्या खोलीला ऊब द्यायची नाही, हे मला चांगलं माहीत आहे. सहाला परत येते तेव्हा खोली गरम असते. कोट न काढता त्यांच्या खुर्चीत बसते थोडा वेळ, मग हीटर बंद करते. बिल पुन्हा वरच्या टप्प्यात गेलंय. ऑफिसात त्याबद्दल मला कुणी विचारत नाही. वाढीची यादी आमच्याकडे निघत नाही.